चष्मेवाल्याची यादी

मामेभावाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघण्यासाठी बूट चढवत होतो. एक पाय बुटात आणि एक बाहेर, अशा अवस्थेत असलेल्या माणसाचा निदान त्या वेळी तरी कुणी अपमान करू नये, असं माझं मत आहे. तो म्हणाला, तीन आठवड्यांनी बायकोमुलांना घेऊन चार दिवसांसाठी येतोय, तुमचं जुनं शहर बघायचंय. मी म्हटलं, जरूर ये, कुठे काय खायचं, कुठून काय घ्यायचं, ते सगळं माझ्यावर सोड. 

"नाही दादा, तू कशाला त्रास घेतोस," तो म्हणाला. "तुमच्या इमारतीत खाली ते चष्मेवाले आहेत ना, त्यांची यादी तेवढी मिळवून ठेव. इकडे सगळे म्हणतात, तिथे जायचं तर ती यादी हवीच."

मी या शहरात जन्मलो. याच शहरात शाळेत गेलो, इथेच नापास झालो, इथेच लग्न केलं. सत्तावीस वर्षं पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात काढली. तटबंदीच्या आतल्या प्रत्येक गल्लीखालून किती इंची पाइप जातो आणि तो कुठे वळतो, हे मला झोपेतून उठवून विचारा. आणि चष्मेवाला येऊन किती दिवस झाले? दीड वर्ष. अजून तो घड्याळाच्या मनोऱ्यापाशी डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते दुकानदारांना विचारतो. मी स्वतः दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा मी त्याला रस्ता सांगितला नाही, पण पाहिलंय.

या यादीची भानगड अशी. चष्म्याच्या दुकानात जवळचं वाचायला एक कार्ड देतात. वर मोठी अक्षरं, खाली लहान लहान होत जाणारी. बाकीच्या दुकानांत त्यावर असलंतसलं काहीही छापलेलं असतं, सूर्य पूर्वेला उगवतो वगैरे. या गृहस्थानं त्यावर शहरात कुठे खावं आणि बाजारहाट कुठे करावा, ते छापून घेतलं. म्हणजे माणूस डोळे तपासायला जाणार, वाचता वाचता त्याला भूक लागणार, आणि नंबर काढून बाहेर पडला की थेट बेकरीकडे. पुढे लोक कार्डाची प्रत मागायला लागले. मग पाहुण्यांसाठी न्यायला लागले. आता तर धड डोळ्यांची माणसंही तपासणीच्या निमित्तानं येतात, असं ऐकलं.

आमच्या घरातही एक प्रत होती. छापून आली त्याच दिवशी बायकोनं खालून आणली होती. मी ती हात लांब करून वाचली, कारण हल्ली मला वाचायला हात जरा लांब करावा लागतो. हा हातांचा दोष असावा. डोळ्यांचा असता तर मला चष्मेवाल्याकडे जावं लागलं असतं, आणि ते होणार नव्हतं.

कार्डावर पहिली ओळ होती: 'जुन्या वेशीच्या आत उजव्या हाताची बेकरी. आठच्या आत जा. आठनंतर पाव तोच असतो, बेकरीवाली ती राहत नाही.' त्याखाली: 'चौकातल्या छत्र्यांखाली कॉफी प्या, जेवू नका.' त्याखाली, जरा बारीक: 'मासळी बाजारातलं पहिलं टेबल रस्त्यावरून दिसतं, म्हणून ते महाग. शेवटच्या टेबलाशी जा आणि मासा स्वतः निवडू नका, मावशींना निवडू द्या.' मग: 'मनोऱ्यामागचं पाच टेबलांचं सूपचं दुकान. वाढणारा रागीट आहे, सूप शांत आहे.' याच्याही खाली आणखी ओळी होत्या, पण तिथे माझे हात संपले.

मामेभावाच्या फोननंतर माझ्या पोटात जे दुखायला लागलं, त्याचा खाण्याशी काही संबंध नव्हता. संध्याकाळी घरी आलो आणि बायकोसमोर त्या कार्डाची एक एक ओळ घेऊन सालं काढली. ती मटार सोलत होती. मी म्हटलं, 'सूप शांत आहे' म्हणजे काय, सूप काय ध्यानाला बसलंय? मी म्हटलं, ज्यानं हे लिहिलंय त्यानं आपली जीभ आजवर फक्त पाकिटं चिकटवायला वापरलेली दिसतेय. तिनं विचारलं, मासळीबद्दल लिहिलंय तेही चुकीचं आहे का? मी म्हटलं, तेच तर सगळ्यात चुकीचं, स्वतःचा मासा स्वतःला निवडता येत नाही अशा माणसाचा तो सल्ला आहे.  त्यानंतर मटार फार वेगानं सोलले जाऊ लागले. मला वाटलं, तिलाही माझ्यासारखाच राग आलाय. एक प्रकारे ते खरंही होतं.

पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी कार्डाचा समाचार घेणं हा माझा नेमच झाला. त्या काळात बायकोनं जेवताना 'कसं झालंय?' हे एकदाही विचारलं नाही. बावीस वर्षं रोज विचारला जाणारा प्रश्न अचानक बंद झाला आणि ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, यावरून माझी अवस्था काय होती ते कळावं.

दरम्यान मी ठरवलं की आपण आपली यादी करायची. अस्सल. इथे जन्मलेल्या माणसाची. वहीच्या पहिल्या पानावर मी आठवणीतल्या सात जागा लिहिल्या आणि शनिवारी खात्याची चामडी पिशवी खांद्याला लावून खातरजमा करायला निघालो.

पहिली जागा, जिथे मी कॉलेजात असताना भाजलेले बटाटे खायचो, तिथे आता बँक आहे. दुसऱ्या जागी बुटांचं दुकान. तिसरी जागा होती, तशीच होती, फक्त मालक नऊ वर्षांपूर्वी वारले होते आणि त्यांची मुलगी तिथे पडदे विकत होती. चौथी जागा मला सापडलीच नाही. एकाला विचारायला गेलो, तर तो म्हणाला, "तुम्ही नवीन का शहरात?" मी वही मिटून तिथून निघालो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी गेली अकरा वर्षं घराबाहेर जेवलेलोच नाही. दुपारी ऑफिसात डबा, बाकी वेळी घर. बाजार बायको करते, दर गुरुवारी. या शहराच्या पोटातून काय वाहतं ते मला पक्कं माहीत होतं. शहर पोटात काय घालतं, त्याचा मला पत्ताच नव्हता.

पण हार मानायचा माझा स्वभाव नाही. पदपथावरच्या विक्रेत्याकडून मी एक वाचायचा चष्मा घेतला, म्हणजे दुकानांवरच्या पाट्या नीट वाचता येतील. त्या चष्म्यातून जवळच्या वस्तू मोठ्या आणि दूरच्या वस्तू दुधात बुडवल्यासारख्या दिसायच्या. एका दुकानात सुरेख नासपती दिसल्या. मी त्या हुंगल्या, तज्ज्ञासारखी मान हलवली आणि अर्धा किलो मागितल्या. दुकानदारीणबाईंनी फार सभ्यपणे सांगितलं की इथे टोपल्या मिळतात, आणि त्यांतल्या नासपती शोभेच्या, लाकडाच्या आहेत.

अशा मनःस्थितीत मी मनोऱ्यामागच्या सूपच्या दुकानात शिरलो. हेतू एकच. ते सूप वाईट आहे हे स्वतःच्या जिभेनं सिद्ध करायचं आणि वहीत तसं लिहायचं.

सूप आलं. वाढणारा रागीट होता, हे कबूल. वाटी त्यानं आपटलीच. मी पहिला चमचा घेतला, मग दुसरा. आणि मला रडू येईल की काय असं वाटायला लागलं, कारण ते सूप खरोखरच शांत होतं. दुसरा शब्द नव्हता. मी वहीत वाईट शब्द शोधत बसलो, वाटी रिकामी झाली तरी एकही सापडेना. परक्या माणसानं, डोळे तपासणाऱ्या माणसानं, माझ्या शहरातली ही गोष्ट माझ्याआधी ओळखली होती आणि एका शब्दात बसवलीही होती. मी मान खाली घातली. खाली गल्ल्याच्या बाजूनं एक पाइप गेलेला दिसला. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "हा पाइप नकाशात नाही."

एवढंच मी बोललो. लगेच विसरलोही. पण गल्ल्यावर बसलेल्या मालकानं ते ऐकलं. त्यानं माझी वही पाहिली, पिशवीवरचा खात्याचा शिक्का पाहिला, आणि थोड्या वेळानं सूपची दुसरी वाटी, न मागता, स्वतःच्या हातानं माझ्यापुढे आणून ठेवली. मग माझ्यापुढचं टेबल त्यानं स्वतःच्या बाहीनं पुसलं. मला वाटलं, जाणकार गिऱ्हाईक पाहून माणूस भारावलाय. दुसऱ्या वाटीचे पैसे घ्यायला तो काही केल्या तयार होईना. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "पुन्हा येईन, सगळं नीट तपासायला."

त्या बिचाऱ्याचं पाण्याचं कनेक्शन चोरटं होतं. मी बाहेर पडताच त्यानं प्लंबरला बोलावून तो पाइप आजच्या आज तोडायला सांगितलं. प्लंबरनं गल्लीतलं झाकण उघडलं, भलताच व्हॉल्व्ह बंद केला आणि घाईघाईत त्याचा दांडा मोडला. शनिवारी संध्याकाळी तटबंदीच्या आतल्या अर्ध्या शहराचं पाणी गेलं, ते सोमवारी दुपारी आलं. त्यात आमची इमारतही होती. रविवारी मी स्वतः गच्चीवर उभा राहून खात्याच्या बेजबाबदारपणावर शेजाऱ्यांना अर्धा तास ऐकवलं.

सोमवारी आमच्या अभियंतासाहेबांनी मला आत बोलावलं. सूपवाल्याचा जबाब त्यांच्या टेबलावर होता. खात्याचा माणूस आला, वहीत नोंदी केल्या, एक वाटी सूप फुकट घेतलं, पाइप नकाशात नाही असं म्हणाला आणि पुन्हा येण्याची धमकी देऊन गेला, असं त्यात लिहिलं होतं. माणसाचं वर्णनही होतं: पोक काढून चालणारा, केस विरळ, दृष्टी अधू. यातलं शेवटचं मला सगळ्यात जास्त लागलं. साहेबांनी कारणे दाखवा नोटीस माझ्या हातात ठेवली. आदेश नसताना तपासणीला का गेलात, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास निलंबन.

आता लिहायचं काय? खरं कारण एका ओळीत मावत होतं, पण ती ओळ सरकारी कागदावर लिहायला माझा हात धजेना. मी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेलो. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सल्ल्यांचा मोठा साठा पडून असतो. त्यांनी दोन वेळा नोटीस वाचली, डोळे मिटले आणि सांगितलं की सूपवाल्याच्या जबाबातच सुटका आहे. दृष्टी अधू. तसा दाखला जोडायचा आणि म्हणायचं, पाटी वाचता आली नाही, घर समजून दुकानात शिरलो.

"आणि दाखला देणार कोण?" मी विचारलं.

मास्तरांनी बोटानं जमिनीकडे दाखवलं. म्हणजे तळमजल्याकडे.

पायऱ्या उतरताना माझी जी अवस्था झाली ती मी इथे लिहीत नाही. चष्मेवाल्यानं मात्र अगदी अगत्यानं बसवलं. मला सगळ्यात जास्त राग त्या अगत्याचाच आला. माणूस तुसडा असता तर किती सोय झाली असती. त्यानं माझ्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली, भिंगं बदलत गेला, आता बरं की मघाशी बरं, असं विचारत राहिला. मग त्यानं ते कार्ड हातात दिलं.

"वाचा. जिथपर्यंत दिसेल तिथपर्यंत."

मी वाचायला लागलो. बेकरी वाचली. छत्र्या वाचल्या. मासळी, सूप. त्याखाली मला आजवर न दिसलेल्या ओळी आता लख्ख उघडल्या. चीज घ्यायचं तर चाखल्याशिवाय घेऊ नये. अंडी शुक्रवारी घ्यावीत. मोठ्या आवाजात मी वाचत सुटलो आणि सगळ्यात तळाच्या, मुंगीएवढ्या ओळीवर आलो. तीही मी त्याच जोरात वाचली.

'ही सगळी माहिती पहिल्या मजल्यावरच्या वहिनींची. छापण्यात चूक झाली असेल तर तेवढी माझी.'

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आम्ही एकटेच राहतो.

चष्मेवाल्यानं माझ्या नाकावरची चौकट उतरवली. तो हळूच म्हणाला, मी आलो तेव्हा महिनाभर छत्र्यांखाली जेवून आजारी पडलो होतो. वहिनी चष्मा करायला आल्या होत्या, त्यांना दया आली. त्या सांगत गेल्या, मी लिहून घेत गेलो. नाव नको म्हणाल्या, म्हणून बारीक अक्षरात टाकलं. "तुम्हाला माहीत असेल असंच मी धरून चाललो होतो," तो म्हणाला. "मास्तर तर म्हणाले, तुम्ही वहिनींची थट्टा करता म्हणून."

म्हणजे मास्तरांनाही माहीत होतं. ज्यानं ज्यानं त्याच्याकडून चष्मा केला होता, त्या सगळ्यांना माहीत होतं. डोळे ठीक असलेले, नसलेले, सगळ्यांनी ती ओळ वाचली होती; न वाचलेला मी एकटाच.

मी दाखला न घेताच वर आलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारातच उभा राहून म्हटलं, "ती यादी तुझी आहे."

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगणारच होते," ती म्हणाली. घडी घालायची थांबली नाही. "कार्ड छापून आलं त्याच दिवशी दाखवायला वर आणलं. तुम्ही वाचायच्या आधीच म्हणालात, काल आलेल्या माणसाला काय कळतंय. मग म्हटलं, माझं आहे हे माहीत नसताना यांना काय वाटतं ते तरी कळेल. खरंखुरं." तिनं माझा शर्ट उचलला, झटकला. "कळलं."

बावीस वर्षांत तिच्या तोंडून इतका लहान आणि इतका जड शब्द मी ऐकला नव्हता. पाकिटं चिकटवायची जीभ, ध्यानाला बसलेलं सूप, सगळं मला एका दमात आठवलं. मी माफी मागितली. नीट मागता आली नाही, मध्येच खोकला आला. शेवटी म्हटलं, "सूपाबद्दल अगदी बरोबर लिहिलंयस. मी खाऊन आलोय."

"सूपाबद्दल मला माहीत आहे," ती म्हणाली. पण शर्टाची घडी तिनं पहिल्यापेक्षा सावकाश घातली.

खुलासा मी त्याच बैठकीत लिहिला. लिहिलं की सदर दुकानात मी तपासणीसाठी नव्हे तर मत्सरापोटी गेलो. सूपात दोष काढण्याचा हेतू होता. दोष आढळला नाही. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग म्हणाले की 'मत्सर' या कारणासाठी नियमावलीत तरतूद नाही, तुम्ही आपलं दृष्टिदोष लिहा आणि दाखला जोडा. मी दाखला आणून जोडला. सूपवाल्याचं कनेक्शन नियमित करून द्यायचं काम शिक्षा म्हणून माझ्याकडेच आलं. अर्ज नऊ पानी आहे. त्याचे रकाने भरता भरता मला आता तो स्वतःहून दोन वाट्या आणून देतो, आणि दोन्हीचे पैसे घेतो.

मामेभाऊ गुरुवारी आला. बायको त्या सगळ्यांना घेऊन बाजारात निघाली आणि मीही अर्ध्या दिवसाची रजा टाकून पिशव्या धरायला मागे निघालो. बेकरीवाली तिला पाहून दारापर्यंत आली. भाजीवाल्यानं तिच्यासाठी टोपलीखालून दुसरी टोपली काढली. मामेभाऊ एकदा मागे वळून म्हणाला, दादा, तुला यातलं काहीच माहीत नव्हतं? मी त्याला सांगितलं की आत्ता आपल्या पायाखालून आठ इंची पाइप जातोय. त्यानं अदबीनं खाली पाहिलं.

शेवटच्या टेबलाशी मासळीवाल्या मावशींनी बायकोला काहीतरी सांगितलं, आणि ती हसली. मोठ्यानं, डोकं मागे टाकून, पदराशी चाळा न करता. हे हसणं मी लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकलं होतं. ते बंद झालं असं मी समजत होतो. ते बंद झालं नव्हतं, फक्त दर गुरुवारी इथे येत होतं, मी नकाशावर रेघा ओढत असताना.

मावशींनी सुरी पुसली, मला आपादमस्तक पाहिलं आणि तिला विचारलं, "हे कोण गं?"

"पाणी खात्यात असतात," बायको म्हणाली. "घाबरू नका. आमचेच आहेत."

पुढे चीजवाला होता. उंच, मिशा ओठांवर नीट कापलेल्या, वयानं माझ्याएवढा पण पोक नाही. त्यानं तिला काही न विचारता एक तुकडा कापून सुरीच्या टोकावर पुढे केला आणि ती काय म्हणते याची वाट पाहत उभा राहिला. म्हणाला, मागच्या खेपेपेक्षा बरं आहे ना? तुम्ही म्हणालात म्हणून आठवडाभर जास्त ठेवलं. तिनं डोळे मिटून चाखलं. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. फारच लक्षपूर्वक पाहत होता, असं मला वाटलं. मला त्यानं तुकडा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी वर्षभराच्या सगळ्या गुरुवारांच्या अर्ध्या रजेचा अर्ज दिला. साहेबांनी कारण विचारलं. मी सांगितलं, चीजच्या दुकानापाशी एक जोडणी आहे, तिच्यावर माझं जातीनं लक्ष असणं आवश्यक आहे.